डाव्या हातांचा तास

आमच्या शाळेच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, उच्च श्रेणी मिळालेल्या शिक्षकांचे फोटो लावलेत. लाल चौकट, खाली नाव आणि नावाखाली एखादं भारदस्त वाक्य. त्यात गणिताच्या थोंग वैचाही फोटो आहे. या थोंग वैला सातवीत मी इंग्रजी शिकवलंय. तेव्हा त्याचं नाक सदा वाहत असे. आता रोज सकाळी मी हातात थर्मास घेऊन जिना चढते आणि तो चौकटीतून माझ्याकडे खाली बघतो.

मला ही श्रेणी दोनदा नाकारली गेली. पहिल्या वेळी शहरातून आलेल्या परीक्षकांनी माझा तास बघून 'शिस्त उत्तम' असं लिहिलं. म्हणजे काय ते मला कळलं. दुसऱ्या वेळी लिहिलं, 'नावीन्य कमी.' आमच्या शाळेत तिसऱ्यांदा नकार आला की पुन्हा नाव पाठवत नाहीत. त्यानंतर माणसाने निवृत्त होईपर्यंत गुमान शिकवायचं आणि जिना चढताना मान खाली घालायची. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. मला तो फोटो हवा होता, आणि हवा नव्हता असं मी कुणाला सांगितलं असेल तर ते खोटं होतं.

म्हणून त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या मुख्याध्यापकांनी, थांग सरांनी, मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मंग लाओशी, तुमचं नावीन्य उद्या दुपारच्या गाडीने येतंय. घ्यायला जा." लाओशी म्हणजे आमच्याकडे शिक्षक, आणि मंग हे माझं आडनाव.

नावीन्य गाडीतून हाफ चड्डी घालून उतरलं. वय तेवीस, देश आयर्लंड, नाव रोरी. व्हिसाच्या घोळात त्याला दोन महिने उशीर झाला होता आणि चीनच्या वायव्येला, आमच्या कान्सू प्रांतात, ऑक्टोबर संपताना वारा कसा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्टेशनाबाहेर रताळी भाजणारी म्हातारी त्याच्या गुडघ्यांकडे बघून मला म्हणाली, "बाई, मूल गारठलंय. तुमचंय का?"

"आता माझंच," मी म्हणाले.

परदेशी शिक्षक शिकवतो कमी, सांभाळावा लागतो जास्त. हा पठ्ठ्या बाटलीतलं गार पाणी गटागटा प्यायचा, तेही सकाळी उपाशीपोटी. ओल्या केसांनी बाहेर पडायचा. दगडी पायरीवर बसायचा. दुपारच्या झोपेच्या वेळी, अख्खी शाळा बाकांवर डोकं टेकून पडलेली असताना, हा मैदानात एकटाच बास्केटबॉल धपधपवायचा. मी त्याला विजारीखाली घालायच्या लोकरी तुमानी आणून दिल्या. त्याने आभार मानले आणि कपाटात ठेवल्या. मग भाजीवाली, शिपाई, कॅन्टीनचा आचारी, सगळे मला रस्त्यात अडवून विचारायला लागले, "लाओशी, तुमच्या परदेशी पोराने आतून काही घातलेलं नाही वाटतं?" आता हे मला कसं माहीत असणार? पण उत्तर मलाच द्यावं लागायचं.

नोव्हेंबरात त्याला व्हायचं तेच झालं. दोन दिवस ताप अंगावर काढला आणि कुणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात तो नेहमीसारखा टेबलावर न बसता खुर्चीवर बसला, तेव्हा मला संशय आला. मी आल्याचं पाणी गूळ घालून उकळलं, त्याच्या खोलीत नेलं आणि तो पिऊन संपवेपर्यंत समोर उभी राहून त्याला झापलं. दुसऱ्या दिवशी तो लोकरी तुमान घालून आला. मला दाखवायला त्याने विजार घोट्यापासून वीतभर वर उचलली. शिक्षकांच्या खोलीतले सगळे टाळ्या वाजवायला लागले.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. रोरी डावखुरा होता. खडू डाव्या हातात धरून तो फळ्यावर लिहायला लागला की मुलं माना तिरक्या करून बघत बसायची. आमच्याकडे असली खोड बालवाडीतच मोडतात. थांग सरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "याच्या आईवडिलांचं लक्ष नव्हतं का?"

पहिल्या आठवड्यात तो तरंगतच माझ्या टेबलाशी आला होता. "मंग लाओशी, ही मुलं किती हुशार आहेत. मी विचारतो, समजलं? सगळी म्हणतात, समजलं. मी विचारतो, काही शंका? कुणालाच नाही."

आठवड्याने त्याने चाचणी घेतली. चोपन्न पेपर माझ्यासमोर ठेवले आणि तो पडेल चेहऱ्याने म्हणाला, "यांना तर काहीच समजलेलं नाही. मग समजलं का म्हणाली?"

"म्हणणारच. नाही समजलं म्हटलं तर तू नीट शिकवलं नाहीस असा अर्थ होतो. तोंडावर तुझा अपमान कोण करेल?"

"मग कुणाला समजलं नाही हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला कळतं," मी म्हणाले आणि चहाच्या थर्मासचं झाकण उघडून उगाच फुंकर घातली. पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तारीख आली. परीक्षक वीस तारखेला येणार होते. तास रोरी आणि मी मिळून घेणार, श्रेणीसाठी नाव माझं. धडा निवडला, 'आजारी पडल्यावर काय करावं.' आम्ही तालमी सुरू केल्या. पहिल्या दोन तालमींत रोरीने दात काढले. तिसरीला त्याने विचारलं, "मुलांना हा धडा आता पाठ झालाय. त्या दिवशी ती शिकणार काय?"

"त्या दिवशी कुणी शिकायचं नसतं," मी म्हणाले. "पाहुणे येतात तेव्हा तुझी आई अंथरुणं आवरते की नाही? तसंच हे."

मग त्याला हातांचा नियम सांगितला. प्रश्न विचारला की चोपन्नच्या चोपन्न हात वर झाले पाहिजेत. एकही बाक रिकामा दिसता कामा नये. ज्यांना उत्तर येतं त्यांनी उजवा हात वर करायचा आणि ज्यांना येत नाही त्यांनी डावा. शिक्षकाने फक्त उजव्या हातांना उठवायचं. हा नियम मी शिकत होते तेव्हाही होता. मी कित्येक वर्षं भूगोलाच्या तासाला डावा हात वर करून ताठ बसले आहे.

रोरी आधी खूप हसला. मग त्याने विचारलं, "येत नाही त्यांनी डावा?"

"डावा."

त्याने स्वतःच्या हातातल्या खडूकडे बघितलं. "मी ज्या हाताने लिहितो तो?"

"तुझ्या हाताचं सोड. तू शिक्षक आहेस. तुला सगळं येतं."

चौथ्या तालमीला त्याने पहिला प्रश्न विचारला. चोपन्न हात वर झाले. मी मागे उभी होते. पाठमोऱ्या बसलेल्या मुलांचे डावे हात मोजले तर एकतीस निघाले; धडा पाठ होता, समजला नव्हता. रोरी समोरून बघत होता. त्याने एकेक बाक बघायला इतका वेळ लावला की वर केलेले हात दुखून खाली यायला लागले. मला वाटलं, हा ओळी विसरला.

त्यानंतर त्याच्या तासाला गोंगाट व्हायला लागला. दोन दिवस मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी मागच्या दाराच्या काचेला नाक लावलं. हा आमच्या शाळेतला सगळ्यात जुना उद्योग, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही. आत रोरी प्रश्न विचारत होता, चोपन्न हात वर होत होते, आणि हा शहाणा उजव्यांना सोडून नेमका डाव्यांकडे जात होता. ज्याच्याकडे जाईल ते मूल उभं राहून खणखणीत इंग्रजीत सांगायचं, "मला येत नाही." सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. मग रोरी ते पुन्हा समजावून द्यायचा. त्या बदल्यात त्या मुलाने रोरीला एक प्रश्न विचारायचा, कुठलाही. रोरीला उत्तर आलं नाही तर त्यालाही डावा हात वर करावा लागायचा.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची सूयुन उभी राहिली. शाळेच्या फाटकासमोर आंबट शेवयांचं दुकान आहे, त्या दुकानदाराची ही मुलगी. दीड वर्ष माझ्या वर्गात आहे, पण हजेरीव्यतिरिक्त तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. ती म्हणाली, "मला येत नाही." आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, "तुम्ही आमच्या दुकानात शेवया खाता आणि सोबतचा कच्चा लसूण बशीतच ठेवता. का?"

रोरीने डावा हात वर केला. मुलं बाकांवर लोळायची बाकी राहिली.

मी मात्र संतापले. तास संपल्यावर त्याला जिन्यातच गाठलं. थोंग वै वरून ऐकत होता. "हा नियम पाहुण्यांसाठी आहे. रोज वापरायला नाही."

"पण लाओशी, आता मला कळतं," तो म्हणाला. "कुणाला समजलं नाही ते. पहिल्यांदाच. तुमच्या या नियमामुळे."

"वीस तारखेला काय करायचं ते सांग."

"फक्त उजवे."

"पुन्हा सांग."

"फक्त उजवे हात. मी वचन देतो." आणि मग त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला हे फार महत्त्वाचं आहे ना?"

मी भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं नाही. तो मात्र एकेक चौकट वाचत वर गेला आणि वरच्या पायरीवरून म्हणाला, "इथे एक जागा रिकामी आहे." पोरगं मूर्ख नव्हतं.

वीस तारखेला वर्गाच्या मागे खुर्च्यांची रांग लागली. मधोमध परीक्षक ल्याओ लाओशी बसल्या. साठीला टेकलेल्या, केस बारीक कापलेले, मांडीवर वही. त्यांच्या एका बाजूला शहरातून आलेले दोघे जण, दुसऱ्या बाजूला थांग सर, त्यांच्यापलीकडे शाळेतले इतर. मी खिडकीजवळ उभी होते. थर्मास शिक्षकांच्या खोलीत राहिला होता.

सुरुवात झक्क झाली. मी प्रस्तावना केली, मुलांनी एका सुरात धडा वाचला. रोरीने विचारलं, "ताप आला तर काय करावं?" चोपन्न हात वर. त्याने उजवा हात उठवला. "गरम पाणी प्यावं." शाबास. "पोट दुखलं तर?" उजवा हात. "गरम पाणी प्यावं." "खोकला झाला तर?" गरम पाणी. थांग सर समाधानाने मान डोलावत होते. ल्याओ लाओशींनी वहीत काहीही लिहिलं नव्हतं.

चौथ्या प्रश्नाला सूयुनने डावा हात वर केला. सगळ्यांपेक्षा उंच, जवळजवळ उभी राहून. रोरीची नजर तिच्यावरून सरकली आणि परत आली. मी खिडकीजवळून डोळे वटारले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खरं सांगते, त्याचा चेहरा बघून मला त्याची दया आली. वचन पाळायची त्याची मनापासून इच्छा होती. पण दोन आठवडे त्याचे पाय डाव्या हातांकडेच जात होते आणि ते आताही गेले.

"सूयुन," तो म्हणाला.

"मला येत नाही," सूयुनने खणखणीत सांगितलं. आणि त्रेपन्न मुलांनी सवयीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

मी खिडकीची कड घट्ट धरली. तिसरा नकार, मनात म्हटलं, आणि तोही टाळ्यांच्या गजरात.

रोरीने तिला उत्तर समजावून दिलं. ती बसली नाही. तिचा प्रश्न बाकी होता. "तुम्ही इथे आजारी पडता तेव्हा कुणाला सांगता?" तिने विचारलं.

रोरीने डावा हात अर्धवट वर केला आणि मग खाली घेतला. "कुणालाच सांगावं लागत नाही," तो म्हणाला. "मंग लाओशींना आधीच कळतं."

मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. मला कुठे बघावं समजेना म्हणून मी बाहेर बास्केटबॉलच्या खांबाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं आहे असं मी स्वतःला बजावत होते.

आता तरी हा थांबेल असं मला वाटलं. पण रोरी मागच्या रांगेकडे वळला आणि हसून म्हणाला, "पाहुण्यांनाही एक प्रश्न. तुम्ही शाळेत असताना एखादी गोष्ट समजली नाही, तर कुणाला सांगायचात?"

सगळं इंग्रजीत. थांग सरांना इंग्रजीचा गंध नाही. त्यांना एवढंच कळलं की शिक्षक प्रश्न विचारतोय आणि आपण वर्गात बसलोय. त्यांची पाठ ताठ झाली आणि डावा हात सरळ वर गेला. त्यांचं बघून शेजारच्यांनी हात वर केले. इतिहासाच्या सरांचा डावा, संगीताच्या बाईंचा डावा, शहरातल्या दोघांचे डावे. एक मूल खुदकन हसलं आणि मग दुसरं. ल्याओ लाओशींना इंग्रजी उत्तम येतं. त्यांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं, पेन वहीत ठेवलं आणि सावकाश डावा हात वर केला.

रोरी उजवा हात शोधत होता. त्याची नजर खिडकीपर्यंत आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझाही हात वर आहे. कुठला, ते सांगायला नको.

तासानंतर बैठक झाली. अशा बैठकीत आधी तीन वेळा कौतुक करायचं आणि मग दोन सूचना द्यायच्या असतात. त्या दिवशी कौतुक वगळून थेट सूचनाच आली. थांग सर रुमालाने मान पुसत म्हणाले, "परदेशी शिक्षक तरुण आहेत, त्यांना अजून अनुभव नाही."

"हा हातांचा नियम तुमच्याकडे कधीपासून आहे?" ल्याओ लाओशींनी विचारलं.

"नियम? कसला नियम?" थांग सर म्हणाले.

"राहू द्या हो, थांग सर. माझ्या शाळेत मी स्वतः आणला होता. मुलींचे हात दुखायचे म्हणून मध्ये हात बदलायची परवानगी दिली, तर सगळाच गोंधळ झाला." त्या एकट्याच हसल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "मंग लाओशी, आज वर्गात किती मुलांना उत्तरं येत नव्हती?"

योग्य उत्तर होतं, काहींना जरा कठीण जातं, पण मुलं मेहनती आहेत. हे मी झोपेतही म्हणू शकते.

"शेवटच्या प्रश्नाला नऊ जणांना," मी म्हणाले. "दोन आठवड्यांपूर्वी एकतीस जणांना येत नव्हतं."

"आणि तुमच्या स्वतःच्या तासांना?"

थांग सर टेबलाखालून माझ्या बुटावर बूट दाबत होते. मी पाय काढून घेतला. "माहीत नाही," मी म्हणाले. "पंचवीस वर्षं मी विचारते, समजलं का? मुलं म्हणतात, समजलं. मग मी पुढचं पान उलटते. मला त्याची लाज वाटते."

ल्याओ लाओशींनी त्या दिवसातली पहिली ओळ वहीत लिहिली. ती काय होती ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. थांग सर बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "अहो, लाज घरी वाटून घ्यायची असते."

जानेवारीत यादी लागली. माझं नाव होतं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'न येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचे धाडस. इतर शाळांनी अनुकरण करावे.' मी ते दोनदा वाचलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण शिक्षकांच्या खोलीत सगळे रताळी खात बसले होते. रोरीने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. भाजीवालीपर्यंत ती बातमी संध्याकाळच्या आत पोचली.

आता जिन्यात थोंग वैच्या शेजारी मी आहे. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण चौकट लाल आहे.

वसंतातल्या तपासणीआधी थांग सरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. ते भलतेच उत्साहात होते. "आपली शाळा आता या बाबतीत आदर्श आहे," ते म्हणाले. "तेव्हा नियमात सुधारणा. यापुढे ज्यांना येतं त्यांनी डावा हात वर करायचा. शिक्षकाने डाव्यांनाच उठवायचं. म्हणजे बघणाऱ्याला वाटेल, आपण न येणाऱ्यांना विचारतो, आणि पोरं फटाफट उत्तरं देतायत."

रोरीला मी ते इंग्रजीत सांगितलं. तो हसत हसत भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसला. मी ओरडले, फरशी गार आहे, ऊठ.

दुसऱ्या दिवशी वर्गात नवा नियम वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. चोपन्न मुलांनी तो शांतपणे ऐकला. सवयीने मी विचारलं, "समजलं?" सवयीने सगळी म्हणाली, "समजलं."

शेवटच्या बाकावर सूयुन उभी राहिली.

"लाओशी, मग ज्यांना येत नाही त्यांनी आता कुठला हात वर करायचा?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि डावा हात वर केला.